मल्टिलेव्हल बीओएमचा ड्रिल-डाउन रिपोर्ट कसा बांधायचा (आणि त्यात बोल्ट कुठे कमी पडतात)

एकदा दोनशे पंपांची ऑर्डर होती आणि बोल्टची गरज काढायला मी बनवलेला रिपोर्ट वापरला गेला. रिपोर्ट म्हणाला ४२०० एम-८ बोल्ट लागतील, पर्चेसने तेवढेच मागवले, आणि १७५ पंप जोडून झाल्यावर लाइन थांबली कारण बिनमधे बोल्टच नाहीत. खरी गरज होती ४८००. ईआरपीतली (कंपनीचा सगळा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर) बीओएम (बिल ऑफ मटेरियल, म्हणजे कुठल्या वस्तूला कुठले पार्ट किती लागतात त्याची यादी) बरोबर, ड्रॉइंग बरोबर, स्टोअरची मोजणी बरोबर, चुकीचा होता तो फक्त माझा रिपोर्ट. तेव्हापासून असले ड्रिल-डाउन रिपोर्ट (वरची ओळ उघडली की तिच्या आतले पार्ट दिसतात असे) बरेच केले, काही बिघडवलेही, तर जे काय कळलं ते इथे क्रमाने लिहितोय. टेबल, जॉइन, ग्रुप बाय एवढं येत असेल तर पुढचं सगळं जमेल.

आधी उदाहरण समोर ठेवू

पुढे सगळीकडे हाच पंप वापरणार आहे, म्हणून एकदा नीट बघून घ्या. पहिला आकडा लेव्हल, शेवटचा आकडा म्हणजे एका पेरेंटला किती लागतात ती क्वांटिटी.

० – पंप – १
१ – बेसप्लेट – १
१ – मोटर असेंब्ली – १
२ – स्टेटर – १
२ – रोटर – १
२ – एंड कव्हर असेंब्ली – २
३ – कव्हर कास्टिंग – १
३ – बेअरिंग – १
३ – एम-८ बोल्ट – ३
२ – एम-८ बोल्ट – ४
१ – केसिंग असेंब्ली – १
२ – केसिंग – १
२ – इम्पेलर – १
२ – मेकॅनिकल सील – १
२ – एम-८ बोल्ट – ६
१ – एम-८ बोल्ट – ८

ओळी १६ आहेत पण पार्ट १३ च आहेत, कारण बोल्ट चार ठिकाणी आलाय. आता बोल्टची क्वांटिटी सरळ बेरीज करा, ३ + ४ + ६ + ८ = २१, गुणिले २०० म्हणजे ४२००. हाच तो माझा आकडा. पण एंड कव्हर एका मोटरला दोन लागतात, म्हणजे तिथले बोल्ट ३ नाहीत, ६ आहेत, एकूण २४, आणि दोनशेला ४८००. डोळ्यासमोर १६ ओळी असल्या की हे लगेच दिसतं, ८०० ओळींच्या मशीनमधे अजिबात दिसत नाही.

यातून जी गोष्ट डोक्यात पक्की बसवायची ती अशी की पार्ट वेगळा आणि पार्टची जागा वेगळी. बोल्ट हा एक पार्ट, पण पंपात त्याच्या चार जागा. आयटम मास्टरमधे पार्ट असतात, स्फोट करून काढलेल्या बीओएममधे जागा असतात (बीओएम वरपासून शेवटच्या पार्टपर्यंत लेव्हल-लेव्हलने उलगडायची, एक्स्प्लोजन म्हणतात त्याला, मी आपला स्फोटच म्हणतो). रिपोर्टातला कुठलाही विचित्र आकडा घ्या, डबल स्टॉक, डबल कॉस्ट, प्लसवर क्लिक केलं की भलतीचकडे उघडणारी ओळ, खणत गेलं की बहुतेक वेळा या दोन गोष्टींची सरमिसळ सापडते.

ही भानगड जुनी आहे बरं का. अपोलो मोहिमेतल्या सॅटर्न-५ रॉकेटच्या पार्टांचा हिशोब ठेवायला आयबीएमने १९६६ मधे रॉकवेल आणि कॅटरपिलरच्या लोकांबरोबर आयएमएस नावाचा डेटाबेस बनवायला घेतला, तो झाडासारखा होता, एका मुलाला एकच बाप. पण बोल्टला बाप चार! मग अशा शेअर्ड पार्टांसाठी त्यात वेगळी लॉजिकल नाती जोडायची सोय करावी लागली. आज टूल बदललीत, बोल्ट तोच आहे.

पायरी १: टेबल बघा, रिपोर्ट नंतर

तुमची ईआरपी कुठलीही असो, आत शेवटी दोन टेबलं निघतात. एक आयटम मास्टर, त्यात कोड, नाव, युनिट, मेक की बाय (आपण बनवतो की विकत घेतो), लीड टाइम (मागवल्यापासून मिळेपर्यंतचा वेळ) वगैरे. दुसरं बीओएमच्या ओळींचं, त्यात पेरेंट कोड, चाइल्ड कोड, लाइन नंबर, क्वांटिटी, युनिट, स्क्रॅप टक्के (किती माल वाया जातो ते), कधीपासून लागू, कधीपर्यंत लागू. काही सिस्टिममधे बीओएमचा हेडर वेगळ्या टेबलात असतो, आणि तिथे एक कॉलम लपलेला असतो जो हमखास राहून जातो, तो म्हणजे बेस क्वांटिटी. म्हणजे ओळीत लिहिलंय ५ किलो पेंट, पण ते एका नगाला नाही, १०० नगांना. सॅपमधे हे हेडरला असतं. बेस क्वांटिटीने भाग द्यायला विसरलात तर रिपोर्ट शंभरपट पेंट दाखवेल. हे निदान चटकन पकडलं तरी जातं, बेस क्वांटिटी १ च्या जागी २ असलेल्या बीओएम महिनोनमहिने कुणाला सापडत नाहीत.

इथेच चार गोष्टी तपासून घ्या. एकाच पेरेंटखाली तोच चाइल्ड दोन लाइनवर आलाय का (चालतं, बोल्ट दोन वेगळ्या जागी असू शकतात). बीओएममधे आहेत पण मास्टरमधे नाहीत असे कोड आहेत का. बीओएममधलं युनिट आणि मास्टरमधलं स्टॉक युनिट वेगळं आहे का, रॉड खरेदी होतो किलोत आणि बीओएममधे असतो मिलिमीटरमधे, हे नेहमीचंच. आणि मेक म्हणून मार्क केलेल्या पण खाली एकही चाइल्ड नसलेल्या असेंब्ल्या किती. या शेवटच्या क्वेरीचं उत्तर शून्य आलेलं मी तरी अजून बघितलेलं नाही.

कोडच्या कॉलमबद्दल एक. एक्सेलमधून डेटा येत असेल तर कोड सगळीकडे टेक्स्ट म्हणूनच घ्या, पहिल्या क्षणापासून. ००४५१२ चे पुढचे शून्य उडतात, ३-१२ ची तारीख होते, आणि कोडमधे आकड्यांच्या मधे ई अक्षर असेल तर एक्सेल त्याला घातांक समजून लांबलचक संख्या करून ठेवतं. एकदा असं सेव्ह झालं की परत मूळ कोड मिळत नाही.

पायरी २: कुणाला काय बघायचंय ते विचारा

हे लोक टाळतात आणि मग एकाच रिपोर्टात ४० कॉलम होतात. डिझाइनवाल्याला स्ट्रक्चर जसंच्या तसं हवं असतं, लेव्हलसकट. पर्चेसला लेव्हलशी घेणंदेणं नसतं, त्यांना पार्टनिहाय एक आकडा हवा. कॉस्टिंगला कुठली सब-असेंब्ली पैसे खातेय ते बघायचं असतं. आणि एखाद्या सप्लायरने बेअरिंग बंद केलं की सगळ्यांना उलटी दिशा हवी असते, हे बेअरिंग कुठल्या कुठल्या फायनल प्रॉडक्टमधे जातं. चार प्रश्न वेगळे, पण खालचा स्फोट झालेला डेटा एकच. तो एकदा नीट काढा आणि वर चार पानं बनवा.

पायरी ३: स्फोट, म्हणजे रिकर्सिव्ह क्वेरी

लेखातलं मुख्य काम हेच, इथे वेळ द्या. पहिल्यांदा करणारे बहुतेक जण बीओएम टेबल स्वतःलाच पाचदा जॉइन करतात, लेव्हल १ ला एक, २ ला एक असं. चालतंही. मग एक दिवस सहा लेव्हलचं प्रॉडक्ट येतं आणि सहावी लेव्हल गुपचूप गायब होते, एररसुद्धा येत नाही. त्यापेक्षा रिकर्सिव्ह क्वेरी लिहा. एसक्यूएलच्या १९९९ च्या स्टँडर्डपासून ती आहे. एसक्यूएल सर्व्हरमधे २००५ पासून, पोस्टग्रेस ८.४ पासून, मायएसक्यूएल ८.० पासून, एसक्यूलाइटमधे ३.८.३ पासून. ओरॅकलमधे आधीपासून कनेक्ट बाय होतं, पण त्यात वरून खाली क्वांटिटीचा गुणाकार नेणं फार जिकिरीचं, म्हणून तिथेही ११जी रिलीज २ पासून मिळणारा रिकर्सिव्ह विथ वापरा.

क्वेरीचे भाग दोनच. साध्या मराठीत लिहिली तर अशी होते:

सुरुवात: टॉप आयटम घे, लेव्हल ०, एकूण क्वांटिटी १, पाथ रिकामा.
युनियन ऑल
पुढे: मागच्या फेरीत आलेल्या प्रत्येक ओळीचा आयटम ज्या बीओएम ओळीचा पेरेंट आहे ती ओळ घे, लेव्हल मागच्यापेक्षा १ जास्त, एकूण क्वांटिटी = मागची एकूण × या ओळीची क्वांटिटी ÷ बेस क्वांटिटी, पाथ = मागचा पाथ + या ओळीचा लाइन नंबर.

बस. चाइल्ड मिळायचे थांबले की क्वेरी थांबते. आता यातल्या खाचाखोचा.

प्रत्येक ओळीत दोन क्वांटिटी ठेवा, एक पेरेंटला किती ती आणि दुसरी टॉपला किती ती. एंड कव्हरखालच्या बोल्टला पहिली ३ आणि दुसरी ६. माझ्या रिपोर्टात पहिलीच होती आणि मी तिचीच बेरीज केली. दोन्ही दाखवा आणि नावं अशी द्या की चूक करताच येणार नाही, "एका पेरेंटला" आणि "एका पंपाला" अशी. नुसतं क्वांटिटी नावाचा कॉलम रिपोर्टात ठेवूच नका.

पाथमधे पार्टचा कोड न घालता लाइन नंबर घाला, तोही शून्य भरून सारख्या लांबीचा. एंड कव्हरमधल्या बोल्टचा पाथ मग होतो ००२०.००३०.००३०, म्हणजे पंपाची २० नंबरची ओळ मोटर, तिची ३० नंबरची एंड कव्हर, तिची ३० नंबरची बोल्ट. या एका कॉलमवर सॉर्ट केलं की अख्खं स्ट्रक्चर आपोआप योग्य क्रमाने लागतं. शून्य भरले नाहीत तर टेक्स्ट सॉर्टमधे १०० हा २० च्या आधी येतो आणि केसिंगचे पार्ट मोटरच्या मधेच घुसल्यासारखे दिसतात. आणि हाच पाथ त्या जागेची ओळख आहे, पुढे प्लस-मायनसच्या क्लिकला हीच की वापरायची आहे.

युनियन ऑलच का, नुसतं युनियन का नाही? पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल साधं युनियनसुद्धा चालवून घेतात, आणि ते हुबेहूब सारख्या ओळी उडवतं. एकाच असेंब्लीत दोन लाइनवर ४-४ बोल्ट असतील आणि पाथमधे लाइन नंबर नसेल तर त्यातली एक ओळ जाईल, तुमचे ४ बोल्ट गेले. एसक्यूएल सर्व्हर रिकर्सिव्ह भागाला साधं युनियन देतच नाही, ते बरंच आहे.

टाइपची कटकट. एसक्यूएल सर्व्हरमधे वरच्या आणि खालच्या भागातल्या कॉलमचे टाइप तंतोतंत जुळावे लागतात, नाहीतर तो अडून बसतो, म्हणून पाथ आणि एकूण क्वांटिटी दोन्हीकडे कास्ट करा, एकाच लांबीला आणि एकाच डेसिमलला. मायएसक्यूएलमधे कॉलमची रुंदी पहिल्या भागावरून ठरते, सुरुवातीला पाथ रिकामा दिलात तर खाली तो मावत नाही, तिथेही कास्ट करून मोठी जागा द्या. नावं, स्टॉक, किंमत असलं काही रिकर्शनच्या आत आणू नका, स्फोट आधी पूर्ण करा, मग बाहेर आयटम मास्टरला एकदा जॉइन करा. एसक्यूएल सर्व्हरमधे रिकर्सिव्ह भागात लेफ्ट जॉइन किंवा ग्रुप बाय चालतच नाही, आणि बाकीच्या डेटाबेसमधेसुद्धा बाहेर केलेलंच बरं.

आणि टॉप आयटमचा फिल्टर सुरुवातीच्या भागात लावा, शेवटी नको. शेवटी लावला तर डेटाबेस आधी सगळ्या प्रॉडक्टचा स्फोट करतो आणि मग त्यातलं एक दाखवतो, तुम्ही बसा गोल फिरणारं चक्र बघत. पेरेंट कॉलमवर इंडेक्स हवाच, उलट्या रिपोर्टसाठी चाइल्ड कॉलमवरही.

पायरी ४: गोल फिरणारी बीओएम

अ च्या खाली ब, ब च्या खाली क, आणि क च्या खाली कुणीतरी चुकून अ टाकलाय. क्वेरी फिरत राहते. एसक्यूएल सर्व्हर डिफॉल्टने १०० फेऱ्यांनंतर एरर देतो, मायएसक्यूएल १००० नंतर, पोस्टग्रेसमधे अशी मर्यादाच नाही, मेमरी आणि डिस्क भरेपर्यंत चालू. एरर आली की लोक पहिलं काय करतात तर मॅक्स रिकर्शन शून्य करून मर्यादा काढून टाकतात. अरे बाबा, शंभर लेव्हलचं प्रॉडक्ट कुठे असतं! ती एरर तुमच्या भल्यासाठी आहे.

उपाय असा, लाइन नंबरच्या पाथसोबत आयटम कोडचाही एक पाथ न्या आणि नवीन चाइल्ड त्यात आधीच असेल तर ओळीला "लूप" असा शिक्का मारून तिथेच थांबा. इथे एक बारीक खड्डा आहे. कोड १२ शोधताना पाथमधे ११२ असेल तर तोही जुळतो, आणि मग पूर्ण बरोबर असलेली फांदी लूप समजून कापली जाते. म्हणून प्रत्येक कोडच्या दोन्ही बाजूंना तिरकी रेघ लावा, /११२/ असं, आणि शोधतानाही /१२/ असंच शोधा. पोस्टग्रेस १४ पासून यासाठी तयार सायकल क्लॉज आहे, ओरॅकलच्या कनेक्ट बायमधे नोसायकल आहे. आणि लूप सापडला म्हणजे दरवेळी चूकच असं नाही, प्लास्टिक मोल्डिंगमधे स्प्रू-रनर (साच्याच्या वाटांमधे उरलेलं प्लास्टिक) दळून परत त्याच मालात टाकतात, तिथे बीओएममधे खरोखरच गोल असतो, म्हणून ओळ लपवू नका, शिक्क्यासकट दाखवा.

पायरी ५: तारखा

मेकॅनिकल सील बदललं, जुनं ३१ तारखेपर्यंत, नवीन १ पासून. तारखेचा फिल्टर नसेल तर रिपोर्टात दोन्ही सील येतात आणि पंपाला दोन सील लागतात असं दिसतं. फिल्टर रिकर्शनच्या आत, प्रत्येक लेव्हलला लावायचा, फक्त टॉपला लावून भागत नाही. "पर्यंत"ची तारीख धरून की सोडून हे तुमच्या ईआरपीत बघून घ्या, दोन्ही ओळी त्या एका दिवशी चालू दिसल्या तर त्या दिवशी काढलेला रिपोर्टच फक्त चुकतो आणि उद्या कुणी तपासलं तर सगळं ठीक असतं, असले बग शोधता शोधता माणूस वेडा होतो. रिपोर्टच्या माथ्यावर "या तारखेची बीओएम" असं ठळक लिहा. पर्यायी पार्टांचंही असंच, अमुक नाहीतर तमुक अशा दोन ओळी असतील तर मुख्यच मोजा, पर्याय दाखवा पण बेरजेत घेऊ नका.

पायरी ६: स्क्रॅप आणि राउंडिंग

१० टक्के स्क्रॅप म्हणजे काय यावर आधी एकमत करा. १००० ला ११०० घ्यायचे, की १००० ला ०.९० ने भागून ११११.११ म्हणजे १११२ घ्यायचे? ११०० घेतले आणि खरंच १० टक्के गेले तर हातात ९९० च राहतात. तरीही दोन्ही पद्धती चालू आहेत, तुमची ईआरपी जी वापरते तीच रिपोर्टात वापरा, स्वतःचं डोकं चालवू नका, नाहीतर आकडे कधीच जुळणार नाहीत. स्क्रॅप वरून खाली गुणत जातो हेही लक्षात असू द्या. आणि राउंडिंग मधल्या लेव्हलला अजिबात नको, शेवटी पूर्ण ऑर्डरच्या आकड्यावर करा. ०.३५ लिटर पेंटचा एका पंपाला १ लिटर केला आणि मग दोनशेने गुणला तर ७० च्या जागी २०० लिटर.

फँटम असेंब्ली, म्हणजे जी कधी स्टोअरला जातच नाही, नुसती कागदावर गटासाठी केलेली, तिच्यातून क्वांटिटी पुढे जाऊ द्या, फक्त पर्चेसच्या पानावर ओळ लपवा. डिझाइनच्या पानावर दाखवा.

पायरी ७: आता ड्रिल-डाउन

स्फोट हातात आला की स्क्रीनचं काम दोन पद्धतीने होतं. एक, क्लिक केलं की तेवढीच एक लेव्हल डेटाबेसमधून आणायची. डेटा नेहमी ताजा, पण क्लिकसोबत त्या ओळीचा पाथ आणि तिची एकूण क्वांटिटी खाली पाठवायला विसरू नका, नाहीतर परत ३ चे ६ होत नाहीत. दोन, रात्री सगळ्या प्रॉडक्टचा स्फोट करून एका टेबलात ठेवायचा आणि रिपोर्ट त्यावर चालवायचा. ५०० प्रॉडक्ट आणि सरासरी ८०० ओळी धरल्या तरी ४ लाख ओळी होतात, आजच्या डेटाबेसला काहीच नाही. मी दुसरी पद्धत घेतो, कारण त्यात टोटल आणि उलटा शोध फुकट मिळतात, फक्त "शेवटचं अपडेट कधी" ते वर लिहावं लागतं.

प्लस-मायनसची की नेहमी पाथ ठेवा. समजा एंड कव्हर असेंब्ली उद्या दुसऱ्या एखाद्या मोटरमधेही वापरली आणि तुमची की आयटम कोड आहे, तर एका ठिकाणी प्लस दाबला की दोन्हीकडे उघडतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे मुलं सगळी पहिल्याच जागी जाऊन बसतात आणि दुसरी असेंब्ली रिकामी दिसते. आणि खाली काही असेल तरच प्लस दाखवा, प्रत्येक बोल्टपुढे प्लस आणि दाबल्यावर काहीच नाही, असं दोनदा झालं की माणूस रिपोर्ट बंद करून एक्सेल मागतो.

एक्सेलमधेच द्यायचं असेल तर ग्रुपिंग वापरता येतं, पण ते ८ लेव्हलपर्यंतच जातं. आणि इंडेंटसाठी कोडच्या आधी स्पेस टाकू नका, कोड तसाच ठेवा, इंडेंट फॉरमॅटिंगने द्या, नाहीतर पुढच्या माणसाचा व्हीलुकअप जुळत नाही आणि का जुळत नाही हे त्याला दिसतही नाही.

पॉवर बीआयमधे पाथ नावाचं तयार फंक्शन आहे, कर्मचारी आणि त्यांचे बॉस अशा डेटासाठी मस्त. बीओएमचा कच्चा टेबल त्याला दिला की बोल्टला चार पेरेंट बघून ते एरर देतं. त्याला पार्ट नको, जागा द्या, म्हणजे स्फोट झालेल्या टेबलातला ओळीचा पाथ ही आयडी आणि वरच्या ओळीचा पाथ हा पेरेंट, की ते बिनतक्रार चालतं. मग पाथआयटमने लेव्हल १, लेव्हल २ असे कॉलम पाडून मॅट्रिक्समधे टाका. सगळ्या फांद्या सारख्या खोल नसल्यामुळे बेसप्लेटखाली रिकाम्या ओळी येतील, त्या इजइनस्कोप वापरून मेजरमधे ब्लँक करा.

पायरी ८: स्टॉक आणि कॉस्ट, जिथे सगळे आपटतात

स्टोअरमधे ४००० बोल्ट आहेत. स्फोटाला स्टॉक जोडला की चारही ओळींवर ४००० येतो आणि टोटलला १६,००० दिसतं, म्हणजे ४८०० ची गरज आरामात भागली! स्टॉक, लीड टाइम, सप्लायर या पार्टच्या गोष्टी आहेत, जागेच्या नाहीत. म्हणून तुलना करायच्या आधी एकूण क्वांटिटीचा पार्टनिहाय ग्रुप करा, मग त्याला स्टॉक एकदाच जोडा. ड्रिल-डाउन इथून उलटा द्या, बोल्ट ४८०० हवे, आहेत ४०००, कमी ८००, आणि क्लिक केलं की कुठल्या जागेला किती ते उघडेल, १२००, ८००, १२००, १६००. पर्चेसला हे पान सगळ्यात आवडतं.

अजून एक विचारतातच, स्टोअरमधे तयार एंड कव्हर ५० आहेत, ती वजा केलीत का? दोनशे पंपांना ४०० लागतात, म्हणजे करायची ३५०, बेअरिंग ३५०, आणि बोल्ट तेवढ्याने १५० कमी, ४८०० चे ४६५०. हे बरोबर आहे, पण हे करायला लेव्हलप्रमाणे वरून खाली वजाबाकी करत जावं लागतं, आणि बोल्टची वजाबाकी त्याच्या सगळ्या जागांची गरज गोळा झाल्यावरच करता येते, म्हणजे तो ज्या सगळ्यात खालच्या लेव्हलला येतो तिथे. लो लेव्हल कोड म्हणतात तो हाच, आणि हे काम एमआरपीचं (मटेरियलची गरज काढणाऱ्या ईआरपीतल्या प्रोग्रामचं) आहे. रिपोर्टात अर्धवट एमआरपी लिहायचा मोह मला झाला होता, तीन आठवडे गेले, शेवटी एमआरपीच्या आउटपुटलाच ड्रिल-डाउन लावला. तुम्ही सरळ तेच करा आणि तुमच्या पानावर "एकूण गरज, सब-असेंब्लीचा स्टॉक वजा न करता" असं स्पष्ट लिहा.

कॉस्टचं गणित बघा. एंड कव्हर: कास्टिंग ४०, बेअरिंग ६०, तीन बोल्ट ६, जोडणीचे १४, एकूण १२०. मोटरला दोन, म्हणजे २४०. रिपोर्टात असेंब्लीच्या ओळीवर २४० आणि खाली मुलांवर ८०, १२०, १२ असं दाखवलंत आणि कुणी कॉलमची बेरीज केली तर येतं ४५२. म्हणून दोन कॉलम करा. "स्वतःची भर" मधे कास्टिंग ८०, बेअरिंग १२०, बोल्ट १२ आणि असेंब्लीच्या ओळीवर फक्त जोडणीचे २८, याची बेरीज २४० च येते, फिल्टर लावा नाहीतर काढा. दुसरा "खालचं धरून एकूण", तो नुसता बघायचा, त्याला टोटल देऊच नका, टूलमधे ती बंद करून टाका.

पायरी ९: उलटा रिपोर्ट

वेअर-यूज्डसाठी (हा पार्ट कुठे कुठे लागतो ते बघायला) तीच क्वेरी घ्या आणि जॉइन उलटा करा, चाइल्डवरून पेरेंटकडे. रात्रीचा स्फोट ठेवलेला असेल तर तेही नको, आयटम कोडवर फिल्टर लावला की सगळे टॉप आयटम समोर. फक्त लगेचचा पेरेंट आणि शेवटचा फायनल प्रॉडक्ट हे दोन वेगळे पर्याय द्या, बेअरिंग बंद झालं म्हणणाऱ्याला "एंड कव्हर असेंब्ली" हे उत्तर नको असतं, त्याला कुठल्या ऑर्डरी अडकतील ते हवं असतं.

पायरी १०: लोकांच्या हातात देण्याआधी

तीन प्रॉडक्ट निवडा, एक सोपं, एक सगळ्यात खोल आणि एक ज्यात नुकताच डिझाइन बदल झालाय असं. ईआरपीचा स्वतःचा मल्टिलेव्हल रिपोर्ट काढा (सॅपमधे सीएस१२, उलट्यासाठी सीएस१५) आणि आपल्याशी जुळवा, ओळींची संख्या, सगळ्यात खोल लेव्हल आणि दहा पार्टांची एकूण क्वांटिटी. ओळी कमी आल्या तर युनियन किंवा तारीख बघा, जास्त आल्या तर तारीख किंवा पर्यायी पार्ट, आणि ओळी जुळून क्वांटिटी चुकली तर बेस क्वांटिटी नाहीतर स्क्रॅप. या क्रमाने गेलात तर तासाभरात चूक सापडते.

मग प्रिंट घेऊन असेंब्लीच्या लाइनवर जा. मी पंपाचा सुधारलेला रिपोर्ट घेऊन गेलो तेव्हा तिथल्या सुपरवायझरने कागद हातात घेतला, बोल्टची ओळ बघितली, २४ बरोबर म्हणाला, आणि मग विचारलं की एंड कव्हरखालची वॉशर कुठेय. बीओएममधे नव्हतीच. ते वर्षानुवर्षं डब्यातून काढून लावत होते.